दादाचं जर्मन आडनाव

आमच्या घरी पत्र आलं की ते लगेच फोडायची पद्धत नव्हती. पोस्टमन खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला सायकल टेकवायचा, आई ओले हात पदराला पुसत बाहेर यायची, पत्र घ्यायची आणि नेऊन देवासमोर ठेवायची. बाबा बागेतून येणार, आंघोळ करणार, देवाला फुलं वाहणार, पेज जेवणार, आणि मग ओटीवरच्या खांबाला पाठ लावून मला म्हणणार, "वाच गो बाय." तोवर ते पत्र निरांजनाच्या शेजारी पडून असायचं, आणि मी काही ना काही निमित्त काढून दहा वेळा देवघरात डोकावून यायची. पाकिटाचा रंग, तिकिटावरचा शिक्का, मागचा पत्ता, सगळं मला आधीच पाठ झालेलं असायचं. म्हणून ती गोष्ट घरात सगळ्यांत आधी मला कळली. पाकिटाच्या मागे, पाठवणाऱ्याच्या जागी, दादाच्याच अक्षरात, 'ए. शुल्त्स' असं लिहिलेलं होतं. मला ते तेव्हा धड वाचताही आलं नाही. एवढंच कळलं की 'ए' म्हणजे अनंत, आणि पुढे परब नाही.

आमचा गाव कुणकेश्वराच्या अलीकडे, खाडीच्या काठावर. घरामागे पोफळी, पुढे माड आणि माडांच्या पलीकडे पाणी. भरती आली की पाणी बांधाच्या दगडांना चुबुकचुबुक लागायचं आणि आई त्या आवाजावर आधण ठेवायची, घड्याळावर तिचा विश्वास नव्हता. बाबा गावकार. हे काही सरकारी पद नव्हे. गावऱ्हाटीतला पहिला मान आमच्या घराकडे, म्हणजे रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं काम बाबांचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी सरळ बोलणं. त्यात संस्कृत नाही, मंत्र नाही. आपल्या मालवणीत त्याला सांगायचं की बाबा रे, असं असं आहे, आता तू बघ. जत्रेच्या दिवशी सकाळी आमच्या गावात एक वेगळं गाऱ्हाणं असायचं, बाहेरगावच्यांचं. ज्या घरातलं माणूस पोटासाठी गाव सोडून गेलं असेल त्या घरची बाई नारळ घेऊन रांगेत उभी राहायची. बाबा तो नारळ हातात घ्यायचे आणि त्या माणसाचं नाव, आडनाव आणि राहण्याचं ठिकाण मोठ्यानं देवाला सांगायचे. ठिकाण सांगितलं नाही तर देव त्याला शोधणार कुठे, आणि आडनाव सांगितलं नाही तर ओळखणार कसा, असा सरळ विचार. "बा म्हाराजा, तुझो लेकरू मुंबईक लालबागेत रवता, तेच्या हातापायाक बळ दी रे म्हाराजा," असं बाबा म्हणायचे आणि जमलेला गाव एका आवाजात म्हणायचा, "व्हय म्हाराजा." दादा बोटीवर होता तेव्हा त्याचं ठिकाण म्हणून बाबा नुसतं 'दर्यात' असं सांगायचे. बाबांचा आवाज एरवी खालचा, पण तिथे तो गाभाऱ्यातून घुमून बाहेर यायचा. दादाचं नाव आलं की मी डोळे मिटून घ्यायची, कारण मला खात्री होती की त्या क्षणी तो जिथे असेल तिथे मागे वळून बघत असेल.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. हातात पाना आला की तो जेवणखाण विसरायचा. बागेतला पंप त्यानं किती वेळा खोलून जोडला असेल याची गणती नाही. आई म्हणायची, ह्याका बायल नको, इंजिन व्हया. मुंबईला जाऊन तो फिटर झाला, मग आगबोटीवर लागला. जाताना मला म्हणाला होता की तू बारावी हो, तुला कणकवलीच्या कॉलेजात घालतो, तिथे खोली घेऊन राहायचं, खर्चाचं मी बघतो. मी बारावी झाले. पण त्याच सुमाराला त्याची बोट दुरुस्तीसाठी हँबुर्गच्या गोदीत लागली आणि तो तिथेच एका कारखान्यात राहिला. त्यातच आईचा दमा वाढला. चुलीसमोर ती दोन मिनिटं बसली तरी भात्यासारखी वाजायची. एके दिवशी बाबा म्हणाले की दोघांतला एक गेला, आता घर तुला धरायचं आहे. ते रागानं म्हणाले नाहीत, हुकूमही केला नाही. वाल पेरायचे की कुळीथ, हे ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात सांगितलं. दादानं पैसे पाठवले होते कॉलेजसाठी, ते आईच्या औषधाला लागले आणि मी चुलीशी बसले. माझ्याबरोबरच्या तीन मुली कणकवलीला गेल्या. सुट्टीत त्या आल्या की मी मुद्दाम विहिरीवर उशिरा जायची.

तर ते पत्र. बाबा खांबाला टेकले आणि मी वाचायला लागले. दादानं लग्न केलं होतं. मुलीचं नाव रेनाटे, कारखान्याच्या कचेरीत टायपिंग करणारी. तिथल्या कायद्यानं नवराबायकोचं आडनाव एकच असावं लागतं, त्याचं किंवा तिचं, आणि ते लग्नाच्या वेळीच ठरवून सांगावं लागतं. रेनाटेचे वडील तीन भावांतले एकटे लढाईतून जिवंत परत आलेले, आणि त्यांना ही एकुलती मुलगी. म्हाताऱ्यानं तोंडानं काही मागितलं नाही, पण लग्न नोंदवायच्या कचेरीत कारकुनानं विचारलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत राहिला, असं दादानं लिहिलं होतं. पुढचं वाक्य मला आजही जसंच्या तसं आठवतं. 'आपल्या वाडीत परब मोजायचे तर दोन्ही हातांची बोटं पुरणार नाहीत, इथे हे एकटेच आहेत, म्हणून मी त्यांचं नाव लावलं. बाबांना सांग, मी आपलं टाकून दिलेलं नाही.'

आईनं एवढंच विचारलं की मुलगी बरी आहे ना, त्याला जेवायला घालते ना. बाबा उठले आणि बागेत पाणी सोडायला गेले. बाग सकाळीच शिंपून झाली होती.

त्यानंतरचे पंधरा दिवस घरात सगळं रोजच्यासारखं चाललं होतं आणि काहीच रोजच्यासारखं नव्हतं. आई कुळथाची पिठी करायची, मी सुकट भाजायची, बाबा जेवायचे, पण भाकरी मागून घेत नव्हते, ताटात पडेल तेवढी खायचे. गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही. वाडीतली एक काकी पाणी भरता भरता म्हणाली की बायल घोवाचा नाव लावता ता आयकललंय, घोवान बायलेचा लावललां काय आजच आयकतंय. नवऱ्यानं बायकोचं नाव लावलं म्हणून बाया हसल्या. मी पण हसले, आणि घरी येऊन त्या हसण्याची मला लाज वाटली. बाबांच्या कानावर असलं किती गेलं असेल देव जाणे. ते तोंडात मिठाची गुळणी धरून होते. मग जत्रा आठ दिवसांवर आली. मी खळं सारवत होते, बाबा कडेला उकिडवे बसून माझ्या हाताकडे बघत होते. बराच वेळ बघून ते म्हणाले, "रॉड्रिग्ज सरांकडे जावन ये मालवणाक. तेंका ती भाषा येता. ता आडनाव कोणाचा, काय करणाऱ्यांचा, ता इचार." मी मान वर केली नाही. मग ते म्हणाले, "बऱ्या घराचा आसला तर मी ह्या वर्साक देवाक सांगतलंय, माझो झील त्या घरात गेलो म्हणान. पण कोणाचा ठावक नाय असा नाव मी देवासमोर कसा घेव?"

बाबांना मी आयुष्यात इतकं बोलताना क्वचितच ऐकलं. त्यांना दादाला परत घ्यायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना एक दरवाजा हवा होता. तो दरवाजा उघडायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

रॉड्रिग्ज सर आमच्या शाळेतून निवृत्त झालेले. तरुणपणी मुंबईत जर्मन पाद्र्यांच्या हाताखाली शिकलेले, त्यामुळे ती भाषा त्यांना येत होती, आणि एक कसर लागलेला जाडजूड शब्दकोश त्यांच्या कपाटात होता. मी गेले तेव्हा त्यांच्या घरी नाताळची तयारी चालली होती. त्यांच्या बायकोनं, आम्ही सगळे त्यांना माय म्हणायचो, कढईत दोदोल घोटायला घेतला होता, आणि नारळाच्या रसाचा नि गुळाचा तो दाट वास रस्त्यापर्यंत येत होता. आडनाव ऐकल्यावर सर हसले, त्यांना बघायलाही लागलं नाही. तरी त्यांनी शब्दकोश काढलाच, मास्तरकी कुठे जाते. म्हणाले, पूर्वी तिथे लोकांना एकेकच नाव असायचं. गावात दोन हान्स झाले की एकाला लोहाराचा हान्स म्हणायचे, दुसऱ्याला ओढ्याकडचा हान्स, तीच पुढे आडनावं झाली. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. शुल्त्स हे एका लांबलचक जुन्या शब्दाचं झिजून उरलेलं रूप. लोकांना त्यांचं देणं-कर्तव्य सांगणारा, असा त्या शब्दाचा अर्थ. तो गावातला पहिला माणूस. सरकारचा वसूल गोळा करायचा, भांडणं मिटवायची, गावाच्या वतीनं राजापुढे बोलायचं. आणि गाव तिथे असा एक माणूस, म्हणून प्रत्येक गावातून एक तरी शुल्त्स घराणं निघालं, म्हणून आज हे आडनाव तिथे ढिगानं सापडतं, उत्तरेकडे आणि पूर्वेकडे तर फारच. चष्मा काढून सर म्हणाले, "बापाशीक जावन सांग, झील गावकाराच्याच घरात गेलो."

मायनं मला केळीच्या पानावर गरम दोदोल दिला. सर मग स्वतःच्या आडनावाबद्दल बोलायला लागले. त्यांच्या कुठल्याशा पूर्वजाच्या डोक्यावर ज्या पाद्र्यानं पाणी घातलं त्याचं ते आडनाव. त्याआधी आपण कोण होतो ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या आजोबांनाही नव्हतं. म्हणूनच मला दुसऱ्यांच्या आडनावांचा नाद लागला, असं ते हसत म्हणाले, पण मायनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ढवळायचं थांबली. मला त्या वेळी सरांची फार दया आली. घरी जाऊन हेही बाबांना सांगायचं असं मी ठरवलं.

एसटीत बसून मी सगळं मनात जुळवत आले. आधी आडनावं कशी पडली ते सांगायचं, मग अर्थ, मग सरांचं वाक्य सगळ्यांत शेवटी, म्हणजे बाबांचा चेहरा नीट बघता येईल. खरंच सांगते, गाडी आमच्या फाट्यावर येईपर्यंत माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. गाडी थांबली आणि खिडकीतून बाबा दिसले. फाट्यावर, वडाखाली, धुतलेलं धोतर नेसून उभे होते. घरापासून फाटा दीड मैल. बाबा कधी कुणाला घ्यायला फाट्यावर येत नसत. माझा बारावीचा निकाल घेऊन मी आले होते तेव्हा ते मळ्यात होते, मी बांधावर जाऊन सांगितलं तेव्हा "बरा झाला" म्हणाले आणि पुन्हा वाकले. आणि आज दादाच्या बायकोच्या बापाच्या आडनावासाठी हा माणूस धुतलेलं धोतर नेसून दीड मैल चालत आला होता. मी खाली उतरले.

"काय म्हणाले सर?"

"खास काय नाय. थंय सगळ्यांचाच ता आडनाव आसा. दगड मारलो तर शुल्त्साक लागता."

"म्हणजे कोणाचा ता?"

"कोणाचाच नाय, बाबा."

बाबांनी मान हलवली. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागले. सर हेही म्हणालेच होते की आडनाव तिथे ढिगानं सापडतं, तेव्हा मी खोटं बोलले नाही, अशी मी माझी समजूत घातली. पैशाला पासरी असलेली गोष्ट तेवढी सांगितली, आणि ती तशी का झाली ते गिळून टाकलं. वाटेत दोनदा वाटलं की आता सांगावं. बाबा पुढे चालले होते, त्यांच्या पाठीवर धोतराच्या सोग्याची घडी तशीच कडक होती, आणि मी नाही बोलले.

जत्रेच्या सकाळी देवळाबाहेर खाज्याची दुकानं लागली होती, गुळाचा आणि आल्याचा वास येत होता, ढोल वाजत होते. आई तिचं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून नारळ घेऊन रांगेत उभी राहिली. बाबांनी तिला आदल्या दिवशी काही सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं. तिला वाटत होतं, नाव घेणारच, बाप आहे. एकेक नाव होत गेलं. मुंबई, पुणे, कुवेत, पुन्हा मुंबई. आईची पाळी आली. बाबांनी तिच्या हातातून नारळ घेतला, थोडा वेळ तसाच हातात धरला, मग बाकीच्या नारळांत नेऊन ठेवला आणि पुढच्या बाईकडे हात केला. 'व्हय म्हाराजा' म्हणायची सवय अशी असते की दोघा-तिघांच्या तोंडून ते निघून गेलं, आणि नाव झालंच नाही हे लक्षात येऊन ते मध्येच थांबले. आई तिथेच उभी राहिली. आपलं झालं की अजून व्हायचंय, हे तिला कळेना. मागच्या बाईनं तिला हळूच खांद्याला धरून बाजूला केलं.

पुढची सहा वर्षं दर जत्रेला हेच झालं. आई नारळ घेऊन जायची, बाबा तो घ्यायचे आणि ठेवायचे. आई मग रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहायला लागली, म्हणजे मागच्या कुणाचा खोळंबा होऊ नये. घरी त्यावर एक शब्द नाही. दादाची पत्रं येत राहिली. त्याला मुलगी झाली, क्लारा. तो दर खेपेला लिहायचा की बाबांचं एक पत्र आलं की सगळ्यांना घेऊन येतो, आणि दर जत्रेनंतर विचारायचा की माझं नाव घेतलं ना. बाबा काही सांगत नसत. उत्तर आई सांगायची आणि मी लिहायची. पहिल्या वर्षी या प्रश्नाशी येऊन मी पेन थांबवलं आणि आईकडे पाहिलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "घेतल्यानी म्हणान लिव." मी लिहिलं. सातही वर्षं तसंच लिहिलं. आणि पाकिटावर प्रत्येक वेळी, माझ्याच हातानं, एकेक अक्षर जपून, अनंत शुल्त्स. ते नाव माझ्या हाताला इतकं सरावलं होतं की माझी स्वतःची सही मी त्याच्याइतकी सफाईनं करत नसे.

आता हे सगळं किती सोपं झालं आहे. गेल्या उन्हाळ्यात क्लारानं, माझ्या भाचीनं, मोबाइलवर मला एक नकाशा पाठवला, जर्मनीत कुठल्या भागात शुल्त्स किती दाट आहेत ते दाखवणारा. खाली तिनं अर्थही लिहून पाठवला होता, इंग्रजीत दोन ओळी. अर्थ कळायला मला एसटी लागली नाही, सर लागले नाहीत, आणि अर्थ लपवायची सोयही उरलेली नाही. तिनं विचारलं होतं की आत्या, आजोबांनी पप्पांना कधीच पत्र का लिहिलं नाही? मी तिला लिहिलं की सविस्तर सांगेन. हे तेच सांगणं आहे. ते तिला तिच्या भाषेत कसं सांगायचं ते अजून मला जमलेलं नाही.

सातव्या वर्षी, भात कापून झाल्यावर, वेगळ्या अक्षरातलं पाकीट आलं. आई ते देवासमोर ठेवायला निघाली तेव्हा मी तिच्या हातातून ओढून घेतलं. रेनाटेनं सोप्या इंग्रजीत लिहिलं होतं. दादा कारखान्यात मशीनजवळच कोसळला, हृदय बंद पडलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. त्याला जाऊन तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे आम्ही जेवत होतो, आई त्याला आवडतात म्हणून फणसाचे पापड डब्यात राखून ठेवत होती. मी ते पत्र वाचून दाखवू शकले नाही. नुसतं "दादा" एवढंच म्हटलं, आणि आई जिथे होती तिथे खाली बसली. तिचं रडणं दम्यामुळे नीट बाहेरही येत नव्हतं. बाबा तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, त्यांना हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

देह इथे नव्हता म्हणून भटजींनी दर्भाचा केला. खाडीच्या काठावर विधी झाला. भटजींनी बाबांना नाव विचारलं आणि गोत्र विचारलं. बाबांनी सांगितलं, अनंत, आणि गोत्र सांगितलं. पुढचं काहीतरी विचारतील म्हणून बाबा थांबून राहिले, पण भटजी मंत्र म्हणायला लागलेही होते. आडनाव कुणी विचारलंच नाही. मेलेल्या माणसाला ते लागत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबांना माहीत असणार, त्यांनी किती जणांचं पाहिलं होतं. तरी ते थांबले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. दुपारी बाबा खळ्यात बसून झावळीचे हीर काढत होते, केरसुणीला. हात चालू होते, नजर कुठेच नव्हती. मला ते बघवेना. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. शुल्त्स म्हणजे गावाचा पहिला माणूस, सरांनी तसं सांग म्हणून मला पाठवलं होतं, मी सांगितलं नाही. का सांगितलं नाही तेही सांगितलं, फाट्यावरचं, धोतराचं, निकालाचं, कणकवलीचं. मला वाटलं ते हातातली सुरी फेकतील. फेकली असती तर बरं झालं असतं.

बाबांनी काढलेला हीर जुडीत ठेवला. "माका ठावक आसा," ते म्हणाले.

मी सरांकडे जाऊन आले त्याच वर्षी, नाताळ संपल्यावर, व्यापाऱ्याकडे नारळ घालायला ते मालवणात गेले होते आणि बाजारात सर भेटले होते. सरांनीच हसून विचारलं होतं की काय गावकारांनु, सोयरीक बरोबरीची जुळली की. बाबा हो म्हणाले होते आणि घरी आले होते. त्यानंतरच्या सहा जत्रा ते हे जाणून देवळात उभे राहिले होते. मी विचारलं, मग नाव का नाही घेतलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तुका मी जावक दिलंय नाय," ते म्हणाले. "तो गेलो, तू रवलंस. तुझा बोलणा खोटा पाडून तेचा नाव खयच्या तोंडान घेव? म्हटलंय, राग निवळलो काय आपणच सांगतला."

ते माझी वाट बघत होते. दर वर्षी, नारळ हातात धरून थोडा वेळ थांबायचे, तेव्हा ते देवाकडे बघत नव्हते, बायकांच्या घोळक्यात मी कुठे आहे ते बघत होते, आणि मी दर वर्षी खाली मान घालून उभी होते. आज माझं वय त्या वेळच्या बाबांपेक्षा जास्त आहे, आणि अधूनमधून मला वाटतं की त्यांच्या बोलण्यात हट्टही होता, आपला हट्ट त्यांनी माझ्या रागाच्या आडोशाला ठेवला असेल. पण असं वाटून घ्यायला मला सोयीचं आहे, म्हणून मी ते फार वेळ मनात राहू देत नाही. बाबा मला जपत बसले, मी माझा राग जपत बसले, आणि तिकडे दादा पत्राची वाट बघत राहिला.

आई माजघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती ते आम्हाला कळलं नाही. तिचा श्वास वाजत होता, तरी आम्हाला ऐकू आला नव्हता. ती आमच्यावर ओरडली नाही. बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुमका दोघांकय ठावक होता," ती म्हणाली. "आणि मी दर वर्साक थंय उभी रवलंय."

बाबांनी मान खाली घातली. मी उठून तिच्याजवळ जायला लागले तर तिनं हातानंच मला थांबवलं. मग ती उंबऱ्यावर बसली, दम खाल्ला आणि मला विचारलं, "काय ता नाव? परत सांग. ह्या घरात कोणी तोंडातसून काढूकच नाय."

मी सांगितलं. तिला ते जमेना, मी पुन्हा सांगितलं. ती प्रत्येक वेळी अनंतपासून सुरुवात करत होती, आणि बाबा खळ्यात बसून ऐकत होते.